तीन शिट्ट्या

"मोहोळं डाव्या अंगाला आहेत. तू उजवीकडून उतर, आणि निदान आज तरी तोंड बंद ठेव," शेलटकर सर म्हणाले आणि माझ्या कमरेची कडी त्यांनी दोनदा ओढून पाहिली.

तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही आणि ते सगळ्या पथकाला माहीत होतं. तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळालेला माणूस शिव्या देत दुकानात येतो आणि दहा मिनिटांनी चहा पिऊन हसत बाहेर पडतो, अशी माझी ख्याती होती. शेलटकर सर हायस्कूलला चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्या आठदहा रिकामटेकड्यांना घेऊन कड्याकपारींत पडलेली माणसं वर काढायचे. पोलिसांचा फोन आला की मी शटर ओढायचो, फिरोज गॅरेज भावावर टाकून निघायचा. कोणी आम्हाला बोलावणं लिहून देत नव्हतं आणि नंतर कोणी आठवणही काढत नव्हतं. तरी आम्ही जायचो, आणि खरं सांगायचं तर त्याचा आम्हाला माज होता.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, दुपारचे सव्वातीन. मोहळकड्याच्या माथ्यावर आम्ही उभे होतो. केदार महाबळ नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा सकाळी साडेदहाच्या सुमाराला वाळलेल्या गवतावरून घसरून खाली गेला होता. कड्याच्या मध्यावर लहानशा खोलीएवढा एक ओटा आहे, त्यावर तो अडकला होता. खालच्या धारवाडीतल्या बायकांना पाणी भरताना तिथे निळा ठिपका दिसला होता. माथ्यावरून मात्र काही दिसत नाही, कारण कड्याचं पोट पुढे आलेलं आहे. त्याच्याबरोबरचा मित्र, अश्विन, दोन तास धडपडत खाली उतरला होता आणि आता आमच्याबरोबर पुन्हा वर आला होता. तो एका दगडावर बसून माझ्याकडे एकटक बघत होता. मी जिवंत माणूस आणून देणार अशी त्याची खात्री झालेली दिसत होती.

कड्याखाली गेलं की आमच्या वॉकीटॉकीतून नुसती खरखर यायची. म्हणून सरांनी शिट्टीचे नियम केले होते. एक लांब शिट्टी म्हणजे माणूस जिवंत आहे, स्ट्रेचर सोडा. दोन म्हणजे नक्की सांगता येत नाही, आणखी एक जण पाठवा. आणि तो दुसरा येईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. तीन तुटक शिट्ट्या म्हणजे माणूस गेला, मला वर घ्या. या तिसऱ्या नियमाला एक अट होती. गळ्याला हात लावून नाडी पाहिल्याशिवाय तीन वाजवायच्या नाहीत. नव्याने पथकात आलेल्याला सर हे वाक्य दहा वेळा म्हणायला लावायचे.

तीन शिट्ट्या झाल्या की आम्ही आपसात "कुकर झाला" म्हणायचो. ऐकून कोणाला राग येत असेल तर येऊ दे. तीन दिवसांचं प्रेत पाठीला बांधून घळ चढणाऱ्या माणसांनी काय बोलावं, हे घरात पंख्याखाली बसून ठरवता येत नाही.

आणखी एक रीत होती. माणूस कसाही मेलेला असो, घरच्यांना सांगायचं ते एकच: "जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल." हे सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. पथकात त्याला मुकुंदाचं वाक्य म्हणायचे. मी ते असं सांगायचो की बापमाणसंसुद्धा माझ्या खांद्यावर डोकं टेकून शांत व्हायची. ते खोटं असलं तरी त्याने कोणाचं नुकसान होत नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

फिरोजने दोर सैल सोडायला सुरुवात केली. धारवाडीचा बुधा आगिवले माझ्या शेजारी उकिडवा बसून कड्याकडे कान लावून होता. हा साठीचा ठाकर दरसाल त्या कड्यावरचा मध काढायचा. त्याने सरांना आधीच सांगितलं होतं.

"आज वाऱ्याचं नाव न्हाय. माशी तापलीय. सांजच्याला बसंल, तवर तिला छेडू नका. न्हायतर मला धूर करू द्या, मग उतरा."

धूर करायला हिरवा पाला आणायचा म्हणजे अर्धा तास गेला असता. सर म्हणाले, मुलगा पाच तास पडून आहे, अर्धा तास कुठून आणू. आधी मुकुंदा जाऊन बघेल, मग ठरवू. त्यांचं बरोबरच होतं.

पहिले शंभर फूट मी मजेत उतरलो. पोटाखाली गेलो तेव्हा कातळ समोरून गेला आणि मी हवेत लटकू लागलो. डाव्या हाताला, दोन पुरुष अंतरावर, मोहोळं होती. सुपाएवढी पाच काळी मोहोळं, आणि त्यांच्यावरून लाटेसारखी एक थरथर जात होती. आग्या माशी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. ज्याने पाहिली नाही त्याने एवढंच समजावं की दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

ओटा माझ्या खाली चाळीसेक फुटांवर होता. तिथे पोचायचं तर मोहोळांच्या अगदी जवळून जावं लागणार होतं. मुलगा ओट्याच्या कडेला पालथा पडलेला होता. एक पाय अंगाखाली विचित्र दुमडलेला. डोक्याशी काळसर डाग. मी हाक मारली.

"केदार! ए केदार!"

ओरडायला नको होतं. पहिली माशी कानाशी आली, मग मानेवर डंख बसला. मग गालावर एक, पापणीवर एक. त्यांना धक्का लागू नये म्हणून मी हातसुद्धा उचलला नाही, पण आतून मी पार कोसळलो होतो. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. दहा वर्षं कडे उतरत होतो, मरणाच्या गप्पा मारत होतो, आणि त्या क्षणी मला फक्त वर जायचं होतं.

खाली निळ्या शर्टाची बाही हलली. एकदा. मग पुन्हा.

वारा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. कड्यावर वारा असतोच.

दोन वाजवायला हव्या होत्या. पण दोन वाजवल्या तर दुसरा माणूस येईपर्यंत तिथेच राहायचं, तो आमचा नियम. बुधा पाला आणणार, पेटवणार, उतरणार, तोवर मी त्या माश्यांत लटकलेला. आणखी एक डंख कपाळावर बसला. मी शिट्टी तोंडात धरली आणि तीन वाजवल्या. तुटक, स्वच्छ, सरांनी शिकवल्या तशा.

दोर लगेच ताठ झाला. वरती धारवाडीचे दहा गडी होते, त्यांनी मला भराभर ओढून घेतलं.

मी माथ्यावर आलो. सरांनी मला हाताला धरून कडेपासून आत घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "हात लावलास?"

"लावला सर. गार पडलाय."

"आणि माश्या?"

"त्या परत येताना उठल्या."

हे मी इतकं सहज बोललो की मला स्वतःलाही ते खरं वाटलं. सरांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवावा असं मी तोवर काही केलेलं नव्हतं.

अश्विन उठून जवळ आला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं वाक्य म्हटलं. जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल. तो तिथेच मटकन बसला आणि हमसून रडायला लागला. मी त्याला पाणी पाजलं. माझी बाटली भरलेली होती, खाली जाताना पाठीच्या पिशवीत होती आणि तशीच वर आली होती.

बुधाने मला सावलीत बसवलं आणि नखाने एकेक काटा काढून त्या जागी चुना लावायला लागला. काटे तो मनातल्या मनात मोजत होता. शेवटचा काढला आणि म्हणाला, "नऊच."

"मग? कमी पडले का?"

"वट्यापातुर गेलेल्याला नऊवर सोडत न्हाय माशी." तो हळू बोलत होता, सरांना ऐकू जाणार नाही असं. "भाऊ, मी पाला आनतो. धूर करून उतरतो. येकडाव बघून येतो पोराला."

एरवी मी त्याला बुधाबाबा म्हणायचो. त्या दिवशी माझा आवाज चढला.

"मी हात लावून आलोय ना? तू मध काढ बुधा, माणसं आम्ही काढतो."

सगळ्यांनी ऐकलं. दोनतीन जण हसलेसुद्धा. बुधाचा चेहरा काही बदलला नाही. त्याने चुन्याची डबी बंद केली, कमरेला खोचली आणि लांब जाऊन बसला. सरांनी तिकडून विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, काही नाही, उतरू का विचारत होता. सर त्याला म्हणाले, बाबा, मेलेल्यासाठी जिवंत माणूस मी माश्यांत घालणार नाही. संध्याकाळी माशी बसली की जाऊ. तोवर हवालदारही येईल, पंचनामा लागेलच.

आणि आम्ही थांबलो. तीन तास थांबलो. धारवाडीतून किटलीत चहा आला, तो प्यालो. फिरोज टोपी तोंडावर ओढून झोपला. कोणीतरी विचारलं, मुकुंदा, डोळा कुठे गेला? माझा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. मी म्हटलं, खाली विसरलो, येताना घेऊन येऊ. सगळे हसले. अश्विन लांब पाठमोरा बसला होता. त्यानेही ऐकलं असेल.

पावणेसातला ऊन उतरलं आणि बुधा म्हणाला, बसली माशी. सरांनी त्याला पुढे घातलं, स्वतः निघाले, आणि मला म्हणाले, "तू पण चल. तो कसा पडलाय ते तू पाहिलंयस. पंचनाम्याला सांगावं लागेल."

मी डोळा दाखवला. सर म्हणाले, एक आहे ना.

मोहोळं आता काळी, गप्प, अंग चोरून बसल्यासारखी होती. बुधा हातात धुमसता पाला धरून आधी उतरला, मग सर. त्यांच्या मागोमाग मी ओट्यावर पाय टेकला तेव्हा दोघेही नुसते उभे होते.

केदार पालथा नव्हता. कडेलाही नव्हता. पाचसहा फूट आत, भिंतीला पाठ टेकून तो बसला होता. मोडलेला पाय समोर सरळ केलेला. पिशवीचा पट्टा तोडून त्याने गुडघ्याच्या वर आवळून बांधला होता. सुजलेल्या पायातला बूट काढून शेजारी ठेवला होता, आणि मोजा घडी करून बुटात घातला होता, घरी दाराशी ठेवतात तसा. मांडीवर फोन होता, काच तडकलेला, बंद. पाण्याची बाटली दहा फूट खाली एका झुडपात अडकलेली दिसत होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड वर. तो बघत होता त्या बाजूला मी पाहिलं. कड्याच्या पोटाखालची, मी लटकलो होतो ती जागा तिथून सरळ दिसत होती.

ओट्याला तिन्ही बाजूंनी कातळ आहे. बुधाच्या हातातला धूर सरळ रेघेसारखा वर जात होता. तिथे वारा येतच नाही.

सरांनी त्याच्या गळ्याला दोन बोटं लावली. बराच वेळ लावली. मग शर्टाच्या आत हात घालून बगल पाहिली.

"बगलेत अजून ऊब आहे," ते म्हणाले. फळ्यावर लिहिलेलं वाचावं तशा आवाजात. "तास झाला असेल. फार तर दीड."

"सर, मला वाटलं..."

"तुला विचारत नाहीये मी."

बुधाने डोक्याचं फडकं सोडलं आणि मुलाच्या तोंडावर पसरलं. "वाट बघत बसला हुता पोर," एवढंच तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

मला वाटलं सर मला तिथेच मारतील. मी त्याची वाट बघत होतो. पण ते गुडघे टेकून बसले, गुडघ्यावरचा पट्टा त्यांनी सोडला, गुंडाळला आणि स्वतःच्या खिशात घातला. मोजा उलगडून त्या पायात चढवला. मग बूट. सुजेमुळे तो जाईना, तर नाडी पार सैल करून घातला आणि नीट बांधला. एवढ्या मायेने कोणाला बूट घालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आईला यातलं काही दिसायला नको," ते म्हणाले. "ती सकाळी येईल. सांगायचं तू. नेहमीचं वाक्य, नेहमीसारखं."

"सर, मी नाही सांगू शकणार."

"तीन वाजवू शकलास ना?"

नंतरची सात वर्षं सरांनी मला पथकात ठेवलं. दोरावर एकदाही उतरवलं नाही. पण घरच्यांना सांगायची वेळ आली की ते मागे वळून मला शोधायचे आणि म्हणायचे, मुकुंदा, जा. माझ्याबद्दल त्यांनी कोणाला एक शब्द सांगितला नाही. ती त्यांनी मला दिलेली शिक्षा होती, आणि मी ती निमूट भोगली, कारण पथक सोडलं असतं तर का सोडलं ते सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर उभे होतो. सर, फिरोज, मी. माझा चेहरा रात्रीत आणखी सुजला होता. उजवी बाजू भोपळ्यासारखी झाली होती आणि गालावर चुन्याचे पांढरे ठिपके वाळले होते. अश्विन एका बाईंना हाताला धरून घेऊन आला. केदारची आई. साठीच्या आतबाहेर, बारीक चणीच्या, सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. नवरा कधीच गेलेला, हा एकच मुलगा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हे मला अश्विनने आदल्या दिवशी सांगितलं होतं. खांद्याला कापडी पिशवी होती, तीतून पुरुषाच्या पायजम्याची नाडी बाहेर लोंबत होती.

त्या आत जाऊन आल्या. किती वेळ आत होत्या कोण जाणे. बाहेर येऊन बाकावर बसल्या तेव्हा रडत नव्हत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झालो, त्यांच्यासमोर खाली बसलो, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. इतक्या वेळा म्हटलेलं की त्याला माझी गरज उरली नव्हती.

"आई, तो जागच्या जागी गेला हो. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पोराने फळ्यावर गणित चुकवलं तरी मध्ये न बोलता ते पुरं होऊ द्यावं, तसं.

"पावणेचारला त्याचा फोन आला होता मला," त्या म्हणाल्या.

फिरोज पटकन म्हणाला, "तिथे फोन लागत नाही, बाई."

"कोकणच्या अंगाला लागतो," सर म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते.

बाई माझ्याशीच बोलत होत्या. सावकाश, एकही शब्द गाळायचा नाही अशा.

"आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाला, आई, मी पडलोय, पाय मोडलाय, पण तू घाबरू नको. बराच वेळ मला शुद्ध नव्हती. आता कोणीतरी नावाने हाक मारली म्हणून जाग आली. एक जण दोरावरून आलाय, मी त्याला दोनदा हात केला, त्याने बघितलंय मला. आता ते येतीलच. मी म्हटलं, मग बोलत नको बसू बाळा, दम राख. आणि मीच फोन ठेवला. म्हटलं, त्याची बॅटरी राहू दे."

अश्विनने तोंडावर हात दाबून धरला होता.

"मग मी कोणाला फोनच केला नाही हो. सापडलाय म्हटल्यावर कशाला करायचा? दवाखान्यात लागतील म्हणून त्याचे कपडे भरले. मऊ भात लावला. हॉलमध्ये गादी घातली, मोडक्या पायाने जिना चढवणार नाही म्हणून. रात्री आठला याचा फोन आला." त्यांनी अश्विनकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. "सव्वाचार तास मी सुखात होते. तेवढ्यात तो कधी गेला ते तुम्ही सांगाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणता, जागच्या जागी."

मला बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही. शब्द होते, तीनचारच होते, आणि ते मला म्हणवत नव्हते. मी सरांकडे पाहिलं. ते दवाखान्याच्या फाटकाकडे बघत होते. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी सुटलो असतो. त्यांनी घेतलं नाही.

"तो दोरावरचा माणूस कोण होता?" बाईंनी विचारलं.

त्यांनी आधी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फिरोजच्या. कोणी बोट दाखवलं नाही.

"मला त्याला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "केदार आणखी एक बोलला होता, म्हणून विचारते. फोन ठेवता ठेवता म्हणाला, त्या माणसाला माश्या चावतायत गं आई. माझ्यापायी बिचाऱ्याला उगाच त्रास."

आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. बंद डोळ्यावर, फुगलेल्या गालावर, चुन्याच्या ठिपक्यांवर. चष्म्यामागचे ते डोळे एकेका ठिपक्यावरून जात होते. त्या मोजत होत्या की काय मला माहीत नाही. नऊ होते.

त्यांनी हात पुढे केला तेव्हा मी डोळा मिटून घेतला. थोबाडीत बसावी असं मला मनापासून वाटत होतं. पण त्यांनी तळवा नुसता माझ्या सुजलेल्या गालावर ठेवला.

"दुखतंय का रे अजून?"

दुखत होतं. मी नाही म्हणालो.